नुसतं ‘कर्कश’ म्हणून भागत नाही: त्रासदायक आवाजाला नेमका शब्द कसा शोधायचा

गेल्या मे महिन्यात आमच्या बावीवरचा, म्हणजे विहिरीवरचा, पंप ओरडायला लागला. शृंगारतळीच्या मिस्त्रींना फोन केला आणि सांगितलं, “पंप घरघर करतोय.” बेअरिंग गेलं असणार असं धरून ते बेअरिंगचा जोड आणि पुलर घेऊन आले. पंप चालू केला, चार सेकंद ऐकलं, बंद केला आणि थेट बावीत डोकावले. पाणी फूटव्हॉल्व्हच्या, म्हणजे पाइपच्या तळाच्या झडपेच्या, टोकाशी आलं होतं. पंप पाण्याबरोबर हवा ओढत होता आणि कुणीतरी आत मूठभर खडी टाकून फिरवावी तसा वाजत होता. मिस्त्री म्हणाले, “काका, ही घरघर नाय, खडखड आहे. दोघांत एका बेअरिंगचा फरक असतो.” येण्याजाण्याचे पैसे मी दिले. चूक माझीच होती.

वाडीतल्या लोकांचे अर्ज लिहून देणं आणि मुलांचे निबंध तपासणं ही दोन कामं बरीच वर्षं माझ्याकडे आहेत. दोन्हीकडे हाच घोटाळा दिसतो. धनेश पक्षी कर्कश, एसटीचा ब्रेक कर्कश, चिऱ्याच्या खाणीतली मशीन कर्कश आणि गणपतीत मामांनी म्हटलेलं भजनही कर्कश. या शब्दावरून तुम्हाला त्रास झाला एवढं कळतं. आवाज कसा होता ते मात्र कळत नाही. मराठीत त्यासाठी शब्दांचा मोठा साठा आहे, पण तो भलत्या क्रमाने वापरला की हाती काही लागत नाही. लोक आधी शब्द आठवतात आणि मग त्यात आवाज बसवतात. खाली दिलेला क्रम याच्या उलटा आहे.

## तयारी

वही, पेन, मोबाइल आणि दहा मिनिटं एवढं पुरे. घरातला पंखा, टीव्ही, मिक्सर बंद करा. पावसाळ्यात पत्र्याखाली बसून दुसऱ्या कुठल्याही आवाजाचं वर्णन करायला जाऊ नका, पत्रा सगळं गिळतो.

आवाज तीन ठिकाणांहून ऐका: अगदी जवळून, दहा पावलांवरून आणि भिंतीआडून. जवळून ऐकू येणारी बारीक करकर दहा पावलांवर मरते आणि मागची घरघर तेवढी उरते. शेजाऱ्याला जो त्रास होतो तो या उरलेल्या आवाजाचा. अर्जात तोच लिहायचा, तुम्ही यंत्राला कान लावून ऐकलेला नव्हे.

जागेचीही नोंद करा. कोकण रेल्वेच्या रत्नागिरीजवळच्या करबुडे बोगद्यात, म्हणजे साडेसहा किलोमीटरच्या कातळात, गाडीचा खडखडाट घुमत घुमत एकच गर्जना होऊन जातो. तीच गाडी भातशेतीतून जाताना डबे मोजावेत इतकी सुटी वाजते. गाडी तीच असली तरी दोन ठिकाणी शब्द वेगळे लागतात.

सावधान: मोबाइलवरचं रेकॉर्डिंग आठवणीसाठी ठेवा, शब्द निवडण्यासाठी नको. फोनच्या इवल्याशा स्पीकरमधून खालचा, जाड आवाज जवळजवळ येतच नाही. घरघर रेकॉर्ड करावी आणि ऐकताना खरखर ऐकू यावी, असं हमखास होतं. मिस्त्रींना क्लिप पाठवलीत तरी सोबत शब्द सांगा.

## टप्पा १: कोण कुणाला काय करतंय?

शब्द अजून शोधायचा नाही. आधी फक्त ठरवा की आवाज घासण्याचा आहे, आपटण्याचा आहे, हवेचा आहे की गळ्याचा.

समुद्राजवळच्या घरांत खाऱ्या हवेनं बिजागऱ्या गंजतात. दार ढकललं की गंजलेले भाग क्षणभर एकमेकांना चिकटतात, सुटतात, परत चिकटतात. हे सेकंदाला शेकडो वेळा घडतं आणि आपल्याला एकसलग ‘कर्रर्र’ ऐकू येतं. हे घासणं झालं. तेच दार वाऱ्यानं चौकटीवर बसतं तेव्हा ते आपटणं. बोटीच्या इंजिनाच्या धुराड्यातून येते ती हवेची फटफट. टिटवी, मोर, कावळा, तापलेले राजकारणी हे सगळे गळ्याच्या खात्यात.

पुष्कळदा दोन गोष्टी एकत्र असतात. मग दोन ओळी लिहा, एकाच शब्दात कोंबू नका. जुन्या लाकडी रहाटाचंच बघा. आस फिरताना कुरकुरतो आणि घागर काठाच्या चिऱ्याला लागली की ठणकन वाजते. त्याला ‘रहाटाचा कर्कश आवाज’ म्हणणारा माणूस बावीवर कधी गेला नसावा.

तपासा: आवाजाचं नाव न घेता, फक्त काय घडतंय ते एका वाक्यात सांगता येतंय का? नसेल तर परत जाऊन ऐका.

## टप्पा २: एकदा, पुन्हापुन्हा की सलग?

इथे मराठी तुमचं निम्मं काम करून देते, कारण शब्दाचा साचाच ताल सांगतो.

एकदाच झालेल्या आवाजाला ‘-कन’ किंवा ‘-दिशी’ लागतं: खटकन, ठणकन, फाडदिशी. आवाज जड असेल तर पहिला स्वर लांबतो. खडकन आणि खाडकन, धडकन आणि धाडकन, दणकन आणि दाणकन या जोड्या मोठ्याने म्हणून बघा. माडाची वाळलेली झावळ पडते ती खडकन नव्हे, ‘खाडकन’. तिचं वजन त्या ‘आ’मध्ये आहे.

पुन्हापुन्हा होणाऱ्या आवाजाला दुहेरी शब्द: खटखट, टणटण, फटफट. शाळेतल्या व्याकरणात यांना अनुकरणवाचक अभ्यस्त शब्द म्हणतात. परीक्षेपुरते पाठ करून आपण ते सोडून देतो.

मधे खंडच नसेल तर ‘र’ ओढायचा: कर्रर्र, खर्रर्र, घर्रर्र.

आणि आवाजाने सगळी जागा भरून गेली असेल तर ‘-आट’: खडखडाट, कडकडाट, गडगडाट, कलकलाट. एका भांड्याचा खडखडाट होत नाही. मांडणी कोसळली तर होतो.

सावधान: पटकन, झटकन, चटकन यांतला आवाज कधीच उडून गेला, आता उरली ती घाई. ‘पटकन दार वाजलं’ असं लिहिलंत तर वाचणाऱ्याला दार लवकर वाजल्यासारखं वाटेल.

## टप्पा ३: अक्षरं कानाला लावून बघा

बहुतेक लोक हा टप्पा गाळतात. खरी गंमत इथेच आहे, म्हणून जरा थांबतो.

आधी शब्दाच्या दुसऱ्या व्यंजनाकडे बघा. आवाज मागे काय सोडून जातो ते त्यावरून कळतं.

‘ण’ असेल तर मागे झंकार राहतो, म्हणजे धातू आणि तोही अखंड. टणटण, ठणठण, खणखण, घणघण. शाळेचा टोल टणटणतो, देवळातली मोठी घंटा घणघणते.

‘ड’ असेल तर झंकार नाही, पण वस्तू सैल आहे, उडते, परत आपटते. खडखड, धडधड, कडकड. एसटीची खिडकी खडखडते. तिची काच घट्ट असती तर तिला हा शब्द मिळाला नसता.

‘र’ असेल तर घासणं किंवा थरथर. करकर, खरखर, घरघर, चरचर.

‘ट’, ‘क’, ‘च’ असेल तर आवाज जागीच तुटतो. खटखट, टकटक, ठकठक, कचकच.

माझी चूक आता लक्षात आली असेल. बेअरिंग झिजलं की आवाज सलग आणि थरथरता, म्हणून ‘र’. हवा ओढणाऱ्या पंपात पाण्यातले बुडबुडे फुटून सुटे सुटे ठोके बसतात, म्हणून ‘ड’. पायाचे बोल्ट ढिले असतील तर पंप दणदण हादरतो. आणि पंप फिरतच नाही, नुसता ‘गूंऽऽ’ करतो तेव्हा आधी स्विच बंद करा, शब्द मग शोधा. अशा वेळी बऱ्याचदा कपॅसिटर गेलेला असतो आणि मोटर जळायला वेळ लागत नाही.

आता पहिलं व्यंजन. क, ट, च हे कोरडे आणि धारदार. ख, ठ, फ यांत श्वास मिसळला की आवाज खरबरीत किंवा पोकळ होतो. ग, घ, द, ध, भ आले की तो जाड होऊन खाली उतरतो. करकर, खरखर, घरघर एकापाठोपाठ म्हणा. बिजागरी, जुना रेडिओ आणि जातं अशा तीन वस्तू डोळ्यांपुढे येतील.

शेवटी स्वर. ‘अ’ मोकळा आणि मोठा, ‘इ’ बारीक आणि वरचा, ‘उ’ दबलेला. नवी कोल्हापुरी करकरते, रातकिडा किरकिरतो, सोप्यातला जुना झोपाळा कुरकुरतो. त्रास मोजायचा तर मोठ्या ‘अ’पेक्षा बारीक ‘इ’ जास्त छळतो. आपला कान साधारण २,००० ते ५,००० हर्ट्झच्या पट्ट्यात सगळ्यात तिखट असतो, म्हणून स्टीलच्या ताटलीवर घासलेला काटा लहान असूनही दातांपर्यंत पोचतो.

हे नियम लोखंडी नाहीत. किणकिणीत ‘इ’ आहे आणि ती गोड आहे. पण शब्द अडला की या तीन प्रश्नांनी तो दहातल्या आठ वेळा सापडतो, निदान माझा तरी.

एक शब्द मात्र या साच्याबाहेरचा आणि फार कामाचा आहे: बद्द. बाजारात मडकं घेताना बायका बोटाच्या पेरानं टिचकी मारून बघतात. चांगलं भाजलेलं मडकं खणखणतं, चीर गेलेलं बद्द वाजतं. त्या ‘द्द’पाशी आवाज मरतो. फुटकी घंटा, तडा गेलेली फरशी, आतून पोकळ झालेलं प्लॅस्टर यांना हाच शब्द लावा. गवंड्याला ‘इथं प्लॅस्टर बद्द वाजतंय’ सांगितलंत की तो पुढे काही विचारत नाही.

तपासा: निवडलेला शब्द तीनदा मोठ्याने म्हणा आणि लगेच तो आवाज ऐका. तोंडातला शब्द आवाजापेक्षा बारीक वाटला तर व्यंजन जाड करा, जास्त गुंजला तर ‘ण’ काढा.

## टप्पा ४: माणसाचा गळा आणि गाणं वेगळं ठेवा

यंत्राचे शब्द माणसाला लावले की ती शिवी होते. ती द्यायचीच असेल तर जरूर द्या, पण चुकून नको.

गळ्यासाठी विशेषणं आहेत आणि प्रत्येकाचं काम वेगळं आहे. घोगरा म्हणजे बसलेल्या किंवा जाड घशाचा, जसा वयात येणाऱ्या मुलाचा. भसाडा म्हणजे मोठा, पसरट, ज्याला कुणी कधी वळण लावलं नाही असा. चिरका वर जाताना फाटतो. किनरा बारीक आणि टोकदार असतो, फाटतोच असं नाही. फाटका म्हणजे ओरडून ओरडून चिंध्या झालेला: शिमग्यात पालखीपुढे तीन रात्री ओरडलेल्या कुठल्याही माणसाला चौथ्या दिवशी बोलायला लावा. खडा आणि पहाडी आवाज त्रासाच्या यादीत टाकू नका, ती स्तुती आहे. करडा आवाज हा धाक आहे, त्यात दोष नाही.

गाण्याबाबतची सगळ्यात मोठी चूक म्हणजे कर्कश आणि बेसूर एकच समजणं. सूर जागेवर नसेल तर बेसूर. आवाज कानाला बोचत असेल तर कर्कश. कर्ण्यावर लावलेली सनई अगदी सुरात असूनही कर्कश वाजते. आमची आजी जात्यावर बेसूर गायची, पण कर्कश कधीच नाही. ऐकत झोप लागायची.

बेसूरच्या अलीकडे एक पायरी आहे, कणसूर. सूर किंचितच हललेला असतो, सामान्य श्रोत्याला पटकन कळत नाही, पण काहीतरी खुपत राहतं. भजनी मंडळाच्या पेटीत ही गोष्ट कानाने पकडता येते. दोन पत्त्या, म्हणजे हवेनं थरथरून सूर देणाऱ्या धातूच्या पट्ट्या, एकाच सुराच्या असायला हव्यात आणि एक जरा उतरली असेल, तर स्वर सरळ न राहता लाटा मारतो. दोन्हींत सेकंदाला चार कंपनांचा फरक असेल तर सेकंदाला चार लाटा. लाटा मोजता आल्या तर ‘पेटी लाटा मारतेय’ असंच दुरुस्तीवाल्याला सांगा. भाता फाटला असेल तर सूर ठीक पण फुसफुस सोबत येते, ती तक्रार वेगळी.

सावधान: बेसूर आणि भेसूर यांत एका अक्षराचा फरक आहे, पण अर्थ पार बदलतो. भेसूर म्हणजे भीती वाटेल असा. रात्री कोल्हे भेसूर ओरडतात. ‘ताईंनी भेसूर गाणं म्हटलं’ असं एका निबंधात होतं. त्या ताई स्नेहसंमेलनाला समोरच बसल्या होत्या.

## टप्पा ५: शब्दाला दुसरं तोंड आहे का ते बघा

आवाजाचे शब्द आवाजापाशी थांबत नाहीत. कुरकुर म्हणजे तक्रार, किरकिर म्हणजे लहान मुलाचं रडगाणं, कटकट म्हणजे नसता त्रास. घरघर ‘लागली’ की गोष्ट शेवटाला आली. तिजोरीतला खडखडाट आणि घरातला ठणठणाट यांत काहीच वाजत नाही, रिकामपण तेवढं असतं. शुकशुकाट तर दिसतो आवाजासारखा आणि सांगतो शांतता.

आणि ‘-ईत’ लागलं की शब्द बहुधा कानातून निघून जातो. दणदणीत विजय, कडकडीत बंद, ठणठणीत तब्येत, धडधडीत खोटं, खडखडीत वाळलेलं भात, करकरीत नोट. खरखरीत हा बहुतेक हाताचा शब्द झाला, क्वचितच आवाजाचा. खणखणीत आवाजाचाच राहिला, पण तो शाबासकी आहे. एका अर्जात मला ‘रात्री बारापर्यंत खणखणीत लाउडस्पीकर चालू असतो’ असं दिसलं. मंडळाने तो अर्ज प्रमाणपत्रासारखा फ्रेम करून लावला असता.

तपासा: तुमचं वाक्य आवाज न ऐकलेल्या माणसाला वाचून दाखवा. तो पैशांविषयी, तब्येतीविषयी किंवा सासूविषयी बोलायला लागला तर शब्द बदला.

## टप्पा ६: वाक्यात बसवणं

खडखड होते, करकर होते, खडखडाट होतो. दुहेरी शब्द स्त्रीलिंगी, ‘-आट’वाला पुल्लिंगी. ‘मोठी खडखडाट’ असं हल्ली छापूनही येतं, चूक आहे. ‘कर्णकर्कश’मध्ये कान आधीच आलेला आहे, त्यामुळे ‘कानाला कर्णकर्कश’ लिहू नये.

एका क्रियेला एकच नादशब्द. दोन ठेवले तर एकमेकांना मारतात. आणि क्रम असा: आधी वस्तू, मग ती काय करते, मग नादशब्द. उपमा शेवटी आणि गरज असेल तरच.

सरावासाठी धोपावे–दाभोळ फेरीच्या धक्क्यावर अर्धा तास उभे राहा, यापेक्षा चांगली शाळा मला माहीत नाही. एका मुलानं आधी लिहिलं होतं:

*फेरीबोट कर्कश आवाज करत धक्क्याला लागली.*

त्याला परत पाठवला, वही घेऊन. दुसऱ्या फेरीनंतर त्यानं लिहिलं:

*रॅम्प धक्क्यावर दाणकन टेकला. बोट लाटेवर हलली तसा तो खर्रर्र करत वीतभर मागे घासला. पहिली गाडी चढली तेव्हा त्याचा सैल जोड खडखडला.*

यात ‘कर्कश’ नाही आणि ‘आवाज’ हा शब्दही नाही. आपटणं, घासणं, सैलपण हे तिन्ही आपापल्या अक्षरांत आले आहेत.

## टप्पा ७: कुणासाठी, त्याप्रमाणे छाटणी

कारागिराला फोनवर तीन गोष्टी सांगा, याच क्रमाने: नादशब्द, कधी येतो (चालू करताना, चालताना की बंद करताना), आणि काय केल्यावर बदलतो. ‘खडखड करतोय, चालताना, व्हॉल्व्ह थोडा बंद केला की कमी होतो.’ इतकं कळलं की तो योग्य सामान घेऊन निघतो.

तक्रार अर्जात मात्र नादशब्द एकदाच आणि नंतर वेळ, तारीख, अंतर. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. त्यामुळे ‘असह्य, भयंकर, कानठळ्या बसवणारा’ अशी माळ लावण्यापेक्षा ‘रात्री ११.२० ला, घरापासून साठ पावलांवर, चिरे कापण्याची मशीन सलग चाळीस मिनिटं’ हे वाक्य जास्त काम करतं. मोबाइल ॲपवरचा डेसिबलचा आकडा लिहायचा असेल तर तो ॲपचा आहे हे स्पष्ट लिहा. त्या फोनचा माइक कुणी प्रमाणित केलेला नसतो आणि समोरचा पहिलं बोट तिथेच ठेवतो.

कथा-निबंधात छाटणी उलटी. तिथे आकडे काढा आणि आवाज थांबल्यावर काय ऐकू आलं ते एका ओळीत ठेवा. आमचा पंप बंद केला तेव्हा बावीच्या तळाशी एक बेडूक होता. डरांव, एकदाच. मिस्त्री म्हणाले, “त्याला पुरतंय पाणी, पंपाला नाय.”